बाल्कनीतली कर्दळ तुझी नाही

ताई,

मी कामावर जातेय. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितेय.

बाल्कनीतली बुटकी कर्दळ तुझी नाही. तू दवाखान्यात असताना रोज फोनवर "पाणी घातलं" म्हणायचे, ते खोटं होतं. भर उन्हातल्या कुंड्या, तीन आठवड्यांत सगळी पानं करपली. तू यायच्या आदल्या दिवशी नर्सरीतून तशीच लाल फुलांची रोपं आणून लावली. काल तू शेजारच्या काकूंना सांगितलंस, "हिनं माझी झाडं पोटच्या पोरासारखी जपली." मला मान वर करवेना.

तुझ्या कर्दळीचे गड्डे मी टाकले नाहीत. मोरीतल्या बादलीत मातीखाली आहेत. नर्सरीवाला म्हणाला, दाबून बघा, टणक असतील तर पुन्हा फुटतील. मला दाबून बघायचा धीर झाला नाही. तू बघ, पण बादली उचलू नकोस, टाके ओले आहेत. संध्याकाळी आले की जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

पाणी का घातलं नाही विचारशील. बाल्कनीत जायला तुझ्या खोलीतून जावं लागतं. तुझा रिकामा पलंग बघवत नव्हता गं.

धाकटी