पहारेकऱ्याचं दुसरं कार्ड

ती. दादांना साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच घातलाय, माझ्या गुडघ्यांचं तुम्हाला ठाऊक आहे, भाव मात्र जमिनीवर लोळून घातल्याचा धरावा).

तुमची साखर आणि वहिनींचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. आमच्याकडे आनंदीआनंद आहे. तुमची भावजय सत्तावन्नाव्या वर्षी डॉक्टर झाली! गुरुवारी अकरा वाजता परीक्षकांनी आमच्या घरच्या संगणकावर, इंटरनेटवरून तिची तोंडी परीक्षा घेतली आणि पाऊण तासात अभिनंदन केलं. मी दाराआड उभा राहून रडलो, लपवत नाही. पण ती परीक्षा माझ्यापायी बुडता बुडता वाचली, ती हकीकत ऐका.

गेल्या महिन्यात संगणकावर आलेल्या बक्षिसाच्या आशेने मी कुठेतरी बोट दाबलं आणि तिच्या प्रबंधाची दोन प्रकरणं गडप झाली. (तिच्याकडे दुसरी प्रत होती, म्हणून हे पत्र लिहायला मी शिल्लक आहे.) तेव्हाच ठरवलं, माळ्यावरच्या जुन्या संगणकाचा फायरवॉल राउटर करायचा. म्हणजे इंटरनेटच्या वाटेवर बसवलेला पहारेकरी, खात्री केल्याशिवाय कुणाला घरात सोडणार नाही. त्याला दोन नेटवर्क कार्डं लागतात, एक बाहेरच्या तारेसाठी, एक घरातल्या. एक संगणकात होतंच, दुसरं आणायचं होतं. पण पहारेकऱ्याचा स्वभाव आपल्या आत्याबाईंसारखा, ठरावीक मंडळींशीच जमतं. कुणाशी जमतं त्याची यादी असते, आणि तिथे खोक्यावरचं नाव कामाचं नाही, कार्डावरच्या काळ्या चिपचा नंबर जुळावा लागतो.

मी यादी छापून, भिंग घेऊन दुकानात गेलो. पाच खोकी उघडायला लावली, पाच कार्डं नापसंत केली. दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, कार्ड बघताय की सून?" सहाव्याचा नंबर अक्षरन् अक्षर जुळला. घरी आणून बसवलं, तर पहारेकरी म्हणतो, दुसरं कार्डच नाही! दुकानदाराला चार शब्द सुनावून बदलून आणलं. तेही मुकं. मग आठ शब्द सुनावले. तिसऱ्यानेही तोंड उघडलं नाही, आणि तोवर बुधवारची संध्याकाळ झाली. चालू असलेला जुना राउटर मी आधीच भाचीला देऊन टाकला होता. (नवा माल हातात आल्याशिवाय जुना सोडू नये, हे गोदामात पस्तीस वर्षं मीच लोकांना सांगत आलो.) परीक्षा दुसऱ्या दिवशी अकराला, आणि घरात इंटरनेटचा पत्ता नाही.

गुरुवारी नऊ वाजता ही तयार होऊन आली. कार्ड उपसून खिडकीशी नेलं आणि म्हणाली, "अहो, हे काय चिकटवलंय?"

दादा, नंबराची चिठ्ठी लावल्याशिवाय मी कधी खिळासुद्धा फळीवर ठेवला नाही. कार्डावर सगळीकडे खाचाखोचा; सपाट, स्वच्छ जागा एकच, खालची सोनेरी कडा. तिथे मी तिन्ही कार्डांना सुबक अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या होत्या. (परत करताना त्या काढूनच द्यायच्या, हीही गोदामाची शिस्त.) आणि कार्डाचं संगणकाशी बोलणं होतं ते नेमकं त्याच कडेतून! बसवताना घट्ट जात होतं, ते मला अस्सल मालाचं लक्षण वाटलं. तिने चिठ्ठी सोलली, खोडरबराने कडा घासली, कार्ड बसवलं, आणि पहारेकरी जागा झाला. मग आम्ही इतके हसलो की तिला पुन्हा तोंड धुवावं लागलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा

ता.क. परत केलेली दोन्ही कार्डं ठणठणीत होती. काल दुकानात जाऊन रीतसर माफी मागितली. "नांदतेय ना, मग झालं तर," एवढंच तो म्हणाला. माणूस मोठ्या मनाचा.

आणखी ता.क. फोन असताना पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर बोललेलं ती ऐकते. पहारेकऱ्याचा पासवर्ड तिने बदललाय आणि माझ्या संगणकाला वेशीबाहेर जायला बंदी आहे. धोका मुळात बाहेरून आलाच नव्हता, असा तिचा निष्कर्ष. अभिनंदनाचा फोन कराल तेव्हा सहज पासवर्ड विचारून घ्या. थोरल्या दिरांना ती नाही म्हणणार नाही.

शेवटचं ता.क. पाकीट चिकटवण्याआधी तिने पत्र वाचलं. दुरुस्तीसह मंजूर म्हणाली. दुरुस्ती एकच, पासवर्डचा मजकूर गाळावा. मी मान डोलावली. पण दादा, टपालपेटीपर्यंत जाणार मीच आहे.