बिनझाकणाच्या टोपल्या

मी, खाली सही करणारी, मुलांच्या पुस्तकांसाठी वेताच्या टोपल्या विणणारी, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात कोणी असावे लागते.

१. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि गच्चीचा जिना, माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. आई-वडिलांच्या माघारी आम्ही दोघी इथेच राहिलो. मी टोपली विणायची, ती बाहेरून भरतकाम करायची: ससे, बदके, पतंग. टोपली पुढून बुटकी आणि मागून उंच असे, म्हणजे वाचता न येणाऱ्या पोरालाही मुखपृष्ठावरचे चित्र बघून आपले पुस्तक ओढून घेता येई.

मग दुकानदाराने झाकणे मागितली. धाकटी म्हणाली, "ताई, धूळ बसते गं पुस्तकांवर. लोकांना झाकण हवंय, तर देऊया की." मी म्हणाले, "धूळ पुसता येते. पुस्तक दिसलंच नाही तर पोर मागेल कशाला?" शब्दाने शब्द वाढला. "तुला माझं कधी काही पटलंय का?" असे म्हणून ती सामान घेऊन दुसऱ्या गावी गेली, ती गेलीच. तिच्या झाकणाच्या टोपल्या धडाक्यात खपतात असे ऐकते. खपोत. चूक तिचीच होती, हे मी पूर्ण शुद्धीत पुन्हा नमूद करते. घर मात्र तिला बिनशर्त द्यावे.

२. माझी मोठी कात्री समोरच्या शिंप्याला द्यावी. ती त्याच्याकडेच आहे. परत करायची आठवण त्याला कधी झाली नाही, आता होण्याची गरज नाही.

३. तयार टोपल्या बालवाडीच्या बाईंना द्याव्यात. त्यांवरचे भरतकाम माझे आहे. माझे बदक कोंबडीवर जाते, याची मला कल्पना आहे. मुले हसली तर हसू द्यावे. टोपल्यांत फक्त पुस्तके ठेवावीत. कोपऱ्यावरच्या बाईंनी माझ्या टोपलीत बूट ठेवलेले मी स्वतः पाहिले, तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. हा अबोला माझ्या पश्चातही चालू धरावा.

४. बँकेतल्या शिलकीतून माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा. उरेल त्यातून बालवाडीला चित्रांची पुस्तके घ्यावीत, कुलपाचे कपाट घेऊ नये.

५. वेत, टोचा आणि साचेही धाकटीलाच द्यावेत. दुसरे कोणी शिकायला आले नाही. इथे दारावरची घंटा वाजते ती बहुधा पत्ता चुकलेल्या माणसाची. मी त्याला बसवून घेते, पाणी देते, पत्ता सांगायला मुद्दाम वेळ लावते. संध्याकाळी वेत भिजत घातला की मी धाकटीशी बोलते. तिची उत्तरेही मीच देते, आणि त्यातही ती माझे ऐकत नाही. मला एकटीला फार कंटाळा आला आहे. हे कायद्याच्या भाषेत कसे लिहितात ते ठाऊक नाही, म्हणून सरळ लिहिले.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचे असते, असे वकील म्हणाले. "आजी, आधीच पाठवलंत तर त्याला काय अर्थ?" मी म्हणाले, "आणि नंतर पाठवलं, तर ती आली की नाही हे मला कोण सांगणार?" म्हणून याची एक प्रत आजच धाकटीला पोस्टाने जाईल. डॉक्टर उन्हाळ्यापलीकडचे काही बोलत नाहीत.

धाकटे, कलम एक वाचून रडत बसू नकोस. मी गेल्यावर तुला मिळेल ते रिकामे घर. आत्ता आलीस तर त्यात मी आहे. तू आलीस की हे मृत्युपत्र रद्द समजावे. दुसरे आपण दोघी बसून करू. त्यात तुला हवे ते घाल, मी हरकत घेणार नाही.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: शनिवार, ७ मार्च २०२६

सही: टोपलीवाली, धाकटीची ताई

ही सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली.
साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले
२. शेजारच्या नर्सबाई (प्रत पोस्टात टाकण्याचे यांनी कबूल केले आहे)