सुमेधच्या लुअरची नवी शेपटी

मैत्रेय,

आरुषीला घेऊन पामर्स्टन नॉर्थला ताईकडे निघालेय. डाळ फ्रिजमध्ये आहे.

सुमेधला रॅगलनच्या खडकांवरून लाटेने ओढून नेलं, तेव्हापासून आपण दोघांनीही त्याच्या मासेमारीच्या सामानाला हात लावला नव्हता. काल मात्र त्याच्या लाकडी लुअरची, गळाला लावायच्या त्या खोट्या माशाची, फाटकी प्लॅस्टिकची शेपटी मी कापून टाकली, ती पाहून तुला त्रास होऊ नये म्हणून. आज सकाळी गॅरेजमध्ये गेले, तर तिथे नवी हिरवी शेपटी बसवलेली. किंगफिशसाठी तो बसवायचा तशीच, जरा डावीकडे वळवून. ग्लू अजून ओला होता.

आरुषी शांतपणे म्हणाली, "सुमेधकाका फिक्स्ड इट."

तू बसवली असशील तर फोन कर. रागावणार नाही, लगेच परत येईन.

नंदा