दादाचं जहाज कोणाच्या शिवेत?

३ नोव्हें., सोम.
दादाचं जहाज आखातातल्या बंदराबाहेर नांगरून आज चार महिने. मालक फोन उचलत नाही. जहाजाची नोंदणी आणि झेंडा कुठल्याशा बेटाचा. ते बेट दादाने कधी पाहिलेलं नाही, मालकानेही पाहिलं नसेल. तिथे दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. आपला दूतावास गोड बोलतो. पण जहाज ही आपली भूमी नव्हे. बंदरवाले दादाला आणि बाकीच्या खलाशांना उतरू देत नाहीत.
बी.ए.ला सार्वभौमत्वावर चार पानं लिहिली होती. चांगले मार्क पडले होते.

७ नोव्हें., शुक्र.
आई ऐकेना. देवळात गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं सांगायचा मान गावकरकाकांचा; त्यांनी नारळ हातात घेतला आणि मलाच विचारलं, "बोट खंयच्या शिवेत आसा? थंयच्या देवाक आधी हाक मारूक व्हयी. आपलो देव दुसऱ्याच्या शिवेत इचारल्याशिवाय पाय घालीत नाय."
"कोणाच्याच शिवेत नाय, काका."
"ह्याच शिकलंस? अशी जागाच नसता गो!"
शेवटी 'जो कोण आसात तो' म्हणून त्यांनी सुरुवात केली. आम्ही मागून 'होय महाराजा'. डोळे मिटले तर सगळे देश दिसले, आपापल्या शिवेवर नारळ घेऊन उभे. आधी हाक कोण मारणार याची वाट बघत...

१२ नोव्हें., बुध.
तारकर्लीला वाळूत बसले होते. वाटलं, जहाज हाच एक देश. अकरा माणसं, लोखंडाची जमीन, चारी बाजूंनी सीमा हलती. दादाला फोनवर सांगितलं. हसला. "मगे युनोत आमकां एक खुर्ची बघ गो. पंख्याखालची."

१६ नोव्हें., रवि.
तिथल्या कोर्टाने दहा जणांना घरी सोडायचं ठरवलं. जहाज रिकामं ठेवता येत नाही. एकाने राखणीला राहायचं, तशी सही द्यायची. किती दिवस, ते लिहिलेलं नाही. सही झाल्याशिवाय कोणीच सुटणार नाही. सगळे दादाकडे बघतात. त्याचं एकट्याचंच लग्न झालेलं नाही.
दादाचा मेसेज: "करू काय सही? तू शिकलंस, तूच सांग."
आई: "नको म्हणान सांग. आत्ताच."

१८ नोव्हें., मंगळ.
उद्या सकाळी कागद घेऊन माणूस जहाजावर येणार. कोणत्या देशाला काय करता येतं, ते मला पाठ आहे. दादाने काय करावं, ते कुठल्या पुस्तकात...
'नको करू' लिहिलं. मग त्याच्या कॅप्टनची मुलगी आठवली, व्हिडिओत पाहिलेली. अजून रांगते. पुसलं.
समुद्र आज इतका गुळगुळीत, की वाटतं चालत जावं, मध्ये कोणी विचारणारच नाही.
आईने विचारलं, "सांगलंस मां?"
मी 'होय' अशी मान हलवली.