दुसऱ्या कॉफीची भानगड

तीर्थस्वरूप वहिनींस,

बाळभाऊजीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. प्रत्यक्ष घातला असता तर उठवायला मुलगा ऑफिसातून यावा लागला असता, आणि तो सहाच्या आत येत नाही.) इकडे सर्व ठीक. म्हणजे माझा डावा गुडघा, उजव्या कानातली शिट्टी आणि सकाळची चक्कर एवढे सोडून ठीक. तुमचे कसे आहे हे विचारायला धीर होत नाही, पण विचारल्याशिवाय पत्राला पत्र म्हणता येत नाही, म्हणून विचारतो. कंबर काय म्हणते? उशीला टेकून बसता का? आणि मुख्य म्हणजे, पोटात काही जाते का? फोनवरच विचारले असते, पण मागच्या खेपेला मी 'जेवलात का' म्हणालो आणि तुम्ही 'हो, कालच धुतला' म्हणालात, तेव्हापासून फोनवरचा माझा विश्वास उडाला. हे पत्र तुमची लेक ठकी वाचून दाखवील. (ठके, सावकाश वाच, घास गिळल्यासारखी वाचू नकोस. आणि जिथे 'गाळ' म्हणून लिहीन तिथले वाक्य गाळ.)

दोन आठवड्यांपूर्वी ठकीचा फोन आला. न्हाणीत पडल्यापासून आई जेवत नाही, सगळे मातीसारखे लागते म्हणते, पेज पुढे केली की भिंतीकडे तोंड फिरवते. डॉक्टर म्हणतात, अंगात ताकद आली नाही तर पुन्हा पायांवर उभे राहणे कठीण. शेवटी कॉफी करून दिली, तर एक घोट घेऊन कप सरकवला आणि म्हणाली, "ही नको. दुसरी कॉफी. बाळभाऊजींना सांग." ठकी मला म्हणाली, "काका, तुम्ही एवढे कॉफीच्या देशात राहता. कुठली तरी दुसरी, झकास कॉफी पाठवा ना. तेवढंच पोटात जाईल तिच्या." मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवला. तो सुनेला संध्याकाळी साखरेच्या डब्यात सापडला.

आता वहिनी, एक कबुली द्यायची आहे. तीन वर्षे मी तुम्हाला प्रत्येक पत्रात लिहीत आलो की इथली कॉफी म्हणजे काय विचारता, अमृत. ते खोटे आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचा अख्खा डोंगर कॉफीच्या झाडांनी भरलेला दिसतो, रस्त्याने पोत्यांचे ट्रक जातात, आणि ओट्यावर असते पत्र्याच्या डब्यातली भुकटी. तिच्यावर कढत पाणी ओतायचे आणि डोळे मिटून प्यायचे. (सुनेचा दोष नाही, ती गुणाची आहे. सगळे गाव हेच पिते.) आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे तुम्ही म्हणायच्या. इथे आड तुडुंब आहे, पण पोहरा वर आला की थेट जहाजावर चढतो. उत्तम दाणा परदेशी, मध्यम दाणा काचेच्या भिंतींच्या कॉफीच्या दुकानात, आणि तुटका, किडका, झाडून गोळा केलेला जो उरतो तो कोळसा होईस्तोवर भाजून आम्हाला. मग खोटे का लिहिले? भाऊजी म्हातारपणी घरदार सोडून लांब गेले आणि तिथे त्यांना धड घोटभर कॉफी मिळत नाही, असा घोर तुमच्या जिवाला नको म्हणून.

पण एकदा थाप मारली की ती निस्तरावी लागते. प्रथम काचेच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने कुंकवाच्या करंड्याएवढा कप पुढे ठेवला. मला वाटले चाखायला दिली आहे. ती पिऊन मी खऱ्या कॉफीची वाट पाहत अर्धा तास बसलो. तीच खरी होती. मग बाजारातल्या एका बाईकडून हिरवे कच्चे दाणे आणले आणि घरी कढईत भाजायला घेतले. धूर झाला, छताला लावलेली कसलीशी डबी किंचाळू लागली, आणि इमारतीतले सगळे बिऱ्हाडकरू सपाता घालून खाली अंगणात उभे राहिले. सून धावत आली.

"बाबा, काय हवं ते मला सांगत जा ना!"

"कॉफी हवी होती गं."

"मग आहे की डब्यात!"

मी सपाता घालून खाली जाऊन उभा राहिलो.

शेवटी शनिवारी मुलगा मला कॉफीच्या गोदामात घेऊन गेला. लांब टेबलांपाशी बायका बसून दाणे निवडत होत्या. आपल्याकडे तांदूळ निवडतात तसेच, पण बोटे दिसत नव्हती इतकी चपळाई. मी तिथेच रेंगाळलो. चाळीस वर्षे छापखान्यात पुस्तके शिवली (आतले वाचायला सवड झाली नाही, आणि सातवीत गटांगळी खाल्लेल्याला ते कळलेही नसते), तेव्हा चालता हात दिसला की माझा पाय निघत नाही. आतल्या खोलीत दाण्यांची प्रत ठरवायला चव घेणारा होता. माझ्याच वयाचा, मिशा पांढऱ्या. बारा वाट्या मांडलेल्या, हातात चमचा. हौदावर बैल पाणी ओढतो तसा आवाज करून तो घोट ओढायचा आणि शेजारच्या बादलीत थुंकायचा. त्याने मलाही चमचा दिला. मी ओढली आणि गिळली. पुढची ओढली, गिळली. तो हातवारे करू लागला. मुलगा म्हणाला, "बाबा, थुंका!" मी म्हटले, "अरे, त्याने पाहुणा म्हणून दिली, ती त्याच्या तोंडावर थुंकू?" नवव्या वाटीला माझी छाती कागद कापायच्या यंत्रासारखी धडधडायला लागली आणि मी पोत्यावर बसलो.

चव घेणाऱ्याने मुलाला काही विचारले. मुलगा म्हणाला, "बाबा, चव कसली हवी विचारतायत. फुलांची, फळांची, की मातीची?"

"माती नको रे! माती तिच्या तोंडात आधीच..." आणि मी जीभ चावली. (ठके, गाळ. थू थू. माझीच जीभ झडो.)

मग त्याने विचारले, तुमच्या घरी कॉफी कशी करायचे? मी सांगायला तोंड उघडले, वहिनी, आणि ते तसेच उघडे राहिले.

आपण करायचो कुठे? घरच्यांना चहा, पाहुण्यांना कॉफी, हा दादांचा (ठके, तुझ्या बाबांचा) कायदा. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा सतरा वर्षांच्या, मी नऊ वर्षांचा, बिनआईचा. (नाक पुसता न येणाऱ्या पोराला भाऊजी म्हणणाऱ्या जगात तुम्हीच.) बाहेर पाहुणे बसायचे, तुम्ही फडक्याने गाळून चांगल्या कपांत ओतायच्या, मी तबक धरून न्यायचो आणि वास घेत परत यायचो. पाहुणे उठले की दादा त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला जात. तेवढ्यात तुम्ही फडक्यातला चोथा पुन्हा पातेल्यात टाकायच्या, त्यावर पाणी, दुधाच्या भांड्याची खरवड, गुळाचा खडा. आणि हाक मारायच्या, "भाऊजी, पटकन या, दुसरी झाली!" मागच्या दाराच्या उंबऱ्यावर तुम्ही वाटीने आणि मी झाकणीने प्यायचो. पहिली पाहुण्यांची, दुसरी आपली. दुसरी हे तिचे नावच होते. आणि मी शहाणा दोन आठवडे दुनियेतली दुसरी कुठली तरी कॉफी शोधत हिंडलो! ठकी बिचारी काय करणार, तिचा जन्मही नव्हता. पण मी? मला ऐकताक्षणी कळायला हवे होते. परतताना रस्ताभर डोळे मुलाला दिसू नयेत म्हणून मी खिडकीबाहेर बघत आलो.

पण ते नंतर. आधी चव घेणाऱ्याला हे सगळे सांगितले. त्याला ते खरे वाटेना. "चोथा? त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी?" असे त्याने मुलाकडून दोनदा वदवून घेतले. मग उठून जहाजावर जाणाऱ्या पोत्यातले दाणे काढले, दळले, पुडके बांधले आणि म्हणाला, दुसरी चांगली व्हायची तर पहिली उत्तम लागते. मला त्याच्या पाया पडावेसे वाटले, पण गुडघ्याचे वर लिहिलेच आहे.

तर ठके, ते पुडके या पत्रासोबत आहे. सुनेची मैत्रीण घेऊन येते आहे, तिला रिकामी पाठवू नकोस. पहिली कॉफी तिला दे, चांगल्या कपात. चोथा फेकलास तर माझ्याशी गाठ आहे. त्यावर पाणी, खरवड, गूळ. आईला वाटीत दे, कपात नको. वहिनी, चव पूर्वीसारखी नाही लागली तर कॉफीला बोल लावू नका, मध्ये पासष्ट वर्षे गेली.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. (थोर आता तुम्ही एकट्याच उरलात, तेव्हा सगळे नमस्कार तुम्हालाच.)

तुमचा,
बाळभाऊजी
(वय वर्षे चौऱ्याहत्तर)

ता. क. दादांना सारे ठाऊक होते असा मला आता संशय येतो. शेजारच्या घरातले पाहुणे आले तरी ते त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला जात. आणि परत येताना दारातच मोठ्याने खोकत.

ता. क. दुसरा. दोन पाने लिहिली तरी खरी गोष्ट राहिलीच. मला तुमच्याकडे यायचे आहे. मुलगा म्हणतो, या वयात एकट्याने विमान नको बाबा, पुढच्या वर्षी सगळे मिळून जाऊ. पुढचे वर्ष त्याच्याकडे पुष्कळ आहे. तेव्हा ठके, तू त्याला फोन कर. आई अन्नाला शिवत नाही, काकांना ताबडतोब पाठव, असे रडक्या आवाजात सांग. तो मऊ मनाचा आहे, लगेच तिकीट काढील.

ता. क. तिसरा. वहिनी, मी तुमच्या लेकीला खोटे बोलायला लावतो आहे, पाप माझ्या माथी. पण ते खोटेच असले पाहिजे. म्हणून आधी वाटीभर पेज घ्या. ठके, वाटी रिकामी दिसल्याशिवाय नंबर फिरवू नकोस.