घड्याळबाईंची पंधरा मिनिटं

३ फेब्रुवारी
पेन देत नाहीत. म्हणून हे जाडं स्केचपेन! मुलांच्या मानसोपचार वॉर्डात कालपासून आहे. बुटांच्या नाड्या काढून घेतल्या, स्वेटशर्टाची दोरीसुद्धा. एक सिस्टर दर पंधरा मिनिटांनी डोकावते आणि कागदावर टिक करते. नाव ठेवलं – घड्याळबाई. बाथरूमच्या दारावरही टकटक, "आहेस ना गं?" आहे! जाणार कुठे?

४ फेब्रुवारी
ठरलं. गोड बोलायचं, ताट चाटूनपुसून साफ करायचं, डॉक्टरांना हवं तेच सांगायचं. पंधरा मिनिटांचा अर्धा तास होतो, अर्ध्याचा एक, मग घर. घरी माझी गोळ्यांची डबी आहे. आईलाही माहीत नाही.

७ फेब्रुवारी
अर्धा तास! डॉक्टर म्हणाले, "छान सुधारणा आहे." यांच्या डोळ्यांत धूळ फेकणं किती सोपं!
शेजारच्या पलंगावर नवी मुलगी आलीय. दहा-अकरा वर्षांची. भिंतीकडे तोंड, बोलणं बंद. मी तिला चिंगी म्हणते.

९ फेब्रुवारी
चिंगीसाठी घड्याळबाईंची नक्कल केली. मान वाकडी, डोळे बारीक – "आहेस ना गं?" मागे वळते तर त्याच उभ्या! म्हणाल्या, "चष्मा अजून खाली हवा." चिंगी फिस्सकन हसली. मग मी. पोट दुखेपर्यंत! हे नाटक नव्हतं. मलाच खरं वाटेना.

११ फेब्रुवारी
आता तासाला एकदा. उद्या घरी! आई भेटून गेली. माझ्या खोलीला नवे पडदे शिवलेत म्हणे. किती खूश होती! माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.
ती गेल्यावर चिंगी पहिल्यांदाच बोलली. "ताई, तू बरी झालीस, म्हणजे मीपण होईन ना?"
मेले! मी एक नंबरची खोटारडी, आणि ही माझ्यावर भिस्त ठेवून बसलीय.
चार वाजता घड्याळबाई आल्या. "आहेस ना गं?"
म्हटलं, "आहे. पण सिस्टर, उद्या मला पाठवू नका." डबीचं सगळं सांगून टाकलं. कुठे लपवलीय तेही. त्या रागावल्या नाहीत. माझ्याजवळ बसून राहिल्या. टिक करायचीसुद्धा विसरल्या!

१२ फेब्रुवारी
बाबांचा फोन. "सापडली." पुढे नुसते हुंदके.
घरी जाणं रद्द. पुन्हा पंधरा मिनिटं – आणि मी इतकी खूश कधीच नव्हते! घड्याळबाईंनी दार लोटलं. त्यांनी विचारायच्या आधीच मी ओरडले – "आहे!"