कल्याणचे घर आणि श्रीपाद गोगटे

श्रीगजानन प्रसन्न. मी, हरिहर बल्लाळ ओगले, धंदा वकिली, राहणार कल्याण, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. छातीचे दुखणे जुने आहे. राघो वैद्य आताशा नाडी पाहून झाली की हवापाण्याविषयी बोलू लागतात, तेव्हा मी काय ते समजलो. बुद्धी शाबूत आहे. कोणी धाकदपटशा घातलेला नाही. मला धाक घालील असे माणूस या गावात एकच, आणि ते आता स्वयंपाकघरात आहे.

कलम पहिले. शेणाळे तळ्याजवळचे राहते घर, मागच्या विहिरीसह, माझे कुटुंब लक्ष्मी हिला देतो. हे घर मी वकिलीच्या मिळकतीतून बांधले. धाकटे बंधू कैलासवासी गणेशपंत तेव्हा वेगळे निघून पनवेलीस राहत होते. वास्तुशांतीला ते जेवायला आले, तेवढाच त्यांचा या घराशी संबंध. तरी त्यांचा मुलगा त्र्यंबक गावभर सांगत फिरतो की घर एकत्र कुटुंबाचे आहे, आणि काका गेले की काकूला माजघरात एक खोली देऊ. लक्ष्मीने हे पाणवठ्यावर ऐकले. घरी येऊन त्या दिवशी तिने सगळ्या खोल्या सारवून काढल्या.

कलम दुसरे. कायद्याची पुस्तके होतकरू वकिलास द्यावी. श्रीपाद केशव गोगटे यास देऊ नयेत. त्याला ती पाठ आहेत.

कलम तिसरे. वकिलांच्या खोलीत खिडकीजवळची तक्क्याची जागा माझी. ती देणे माझ्या हाती नाही हे मी जाणतो, तरी लिहितो, की तिथे कोणीही बसावे, श्रीपादने बसू नये.

कलम चौथे. वरील माणसाविषयी खुलासा करणे भाग आहे. हा राजापुराकडून सनद घेऊन आला, तेव्हा दाराशी जोड्यांजवळ बसायचा. मीच त्याला म्हणालो, "अरे, आत सरक." तो सरकला, आणि पुढे सरकतच राहिला. टिटवाळ्याच्या नाथा पाटलाच्या बांधाच्या दाव्यात तो पाटलाच्या बाजूने माझ्याविरुद्ध उभा राहिला. मी दुपारभर बोललो. तो उठला, चार प्रश्न विचारले आणि बसला. निकाल त्याच्या बाजूने लागला. दुसऱ्या दिवसापासून पक्षकार माझ्या ओटीवरून पुढे जाऊन त्याचे घर विचारू लागले, आणि तेही माझ्याच कारकुनाला.

मला त्याचा हेवा वाटतो. त्याच्या आवाजाचा वाटतो, त्याच्या सरळ पाठीचा वाटतो, आणि लक्ष्मी त्याच्यासाठी संक्रांतीला निराळे लाडू बाजूला ठेवते त्याचा तर फारच वाटतो.

आमच्या कोर्टात न्याय साहेब देतात, पण कोणता दावा कधी पुकारायचा ते शिरस्तेदार ठरवतात. म्हणून दर मोसमात सगळे वकील त्यांच्या घरी आंब्याची पेटी घेऊन जातात. मीही गेलो. श्रीपाद गेला नाही. मग त्याचे दावे दिवस मावळताना पुकारले जाऊ लागले आणि पक्षकार कंटाळून पांगले. पुढे त्याने साक्षीदार पढवला अशी निनावी तक्रार ठाण्यास गेली व वर्षभर त्याची सनद बंद झाली. त्या दिवशी मी घरी श्रीखंड करायला सांगितले. लक्ष्मीने केले, वाढले, आणि स्वतः ताक-भात जेवली.

ठाण्याच्या जज्जसाहेबांनी चौकशी केली, तक्रार खोटी ठरली, आणि हा परत आला. वर सरकारी वकिलीही त्यालाच विचारली. त्या जागेकडे डोळे लावून माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. याने ती घेतली नाही. म्हणे, "रयतेचेच दावे बरे." मी ज्याच्यासाठी झुरलो ते त्याने नको म्हटले, हे मला अजून सोसत नाही.

कलम पाचवे. आता कामाचे. त्र्यंबक हा त्याच शिरस्तेदारांचा जावई. मी गेल्यावर तो दावा लावणार, आणि कल्याणातला एकही वकील लक्ष्मीच्या बाजूने उभा राहणार नाही, कारण आंबे दर वर्षी पिकतात. उभा राहील असा एकच आहे. आमच्याकडे चाल अशी की धूर्त पक्षकार आधी चांगला वकील गाठतो, म्हणजे तो समोरच्याला मिळत नाही. परवा त्र्यंबक श्रीपादच्या ओटीवर जाऊन आला. श्रीपादने त्याला सांगितले, "माफ करा, हरिहरपंतांकडून मला बोलावणं येईल असं वाटतं." मी बोलावीन हे त्याने आधीच गृहीत धरले होते. दोन दिवस मी बोलावले नाही.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मी म्हणाली, "घर माझं जायचंय, तुमचा मान नव्हे." मी निरोप पाठवला.

तो आला. लक्ष्मीने वकीलपत्रावर निशाणी केली. त्याने वरचा मजकूर वाचला आणि म्हणाला, "पंत, चौथं कलम काढून टाका."

"का? तुझी बदनामी होते?"

"माझी होऊ दे. पण त्र्यंबक कोर्टात म्हणेल, म्हातारा मत्सराने भ्रमिष्ट झाला होता. मृत्युपत्रच जाईल."

सल्ला योग्य होता. त्याचे सल्ले योग्य असतात, तीच तर तक्रार आहे. तरी मी कलम काढलेले नाही, आणि असे लिहून ठेवतो: माझ्या शुद्धीविषयी कोणी शंका काढल्यास कलम चौथे भर कोर्टात, शिरस्तेदारांच्या देखत, मोठ्याने वाचावे. आंब्यांची, दाव्यांची आणि श्रीखंडाची हकीगत त्यात क्रमाने आहे. भ्रमिष्टाला इतका नेमका हेवा करता येत नाही. आणि ते श्रीपादनेच वाचावे. त्याचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे.

कलम तिसरे रद्द समजावे.

साक्षीदार: राघो पांडुरंग वैद्य, कल्याण. नाथा काळू पाटील, टिटवाळे (याच्या बांधाविषयी वर आलेच आहे, तो म्हणतो, बांध ठीक आहे).

मुक्काम कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८०६, नोव्हेंबर सन १८८४.

सही, हरिहर बल्लाळ ओगले, दस्तुरखुद्द.